देसाईगंज ते संसद : संमतीचा प्रश्न आणि स्त्रियांच्या घटनात्मक समतेचा लढा

प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या कलम १४ ने सर्वांना कायद्यासमोर समानता दिली, तर कलम १५ ने लिंगभेदावर आधारित भेदभावास मनाई केली. तथापि संविधानातील समता न्यायालयाच्या निकालात आपोआप उतरत नाही. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील एका खटल्याने हे प्रकर्षाने दाखवून दिले. (ऑगस्ट १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन हे गाव गडचिरोली जिल्ह्यात समाविष्ट झाले.) प्रस्तुत लेखात या खटल्याचा व त्यातून घडलेल्या कायदेबदलाचा आढावा घेतला आहे.

घटना आणि न्यायालयीन प्रवास

२६ मार्च १९७२ च्या रात्री भावाने दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी एका आदिवासी मुलीला देसाईगंज पोलीस ठाण्यात आणण्यात आले. ती अनाथ होती व मोलमजुरी करीत असे. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान होते. नातेवाइकांना बाहेर जाण्यास सांगून तिला आत थांबवून घेण्यात आले व तेथेच पोलिसांनी अत्याचार केला, असा तिचा आरोप होता.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. या निकालात तिच्या पूर्वायुष्याला महत्त्व देण्यात आले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. भयापोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, हे या निकालाचे मूलतत्त्व होते. परंतु १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोघांचीही मुक्तता केली. अंगावर जखमा नाहीत व तिने आरडाओरड केली नाही, यावरून संमतीचा निष्कर्ष काढण्यात आला.

खुले पत्र व जनआंदोलन

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुलीचे कोवळे वय, दारिद्र्य, कायद्याचे अज्ञान आणि पोलीस ठाण्यातील दहशत यांचा विचार का झाला नाही, असा त्यांचा सवाल होता. शरण जाणे आणि संमती देणे यांतील फरक त्यांनी ठामपणे मांडला. ‘तिने प्रतिकार केला काय’ या प्रश्नाऐवजी ‘तिला नकार देणे शक्य होते काय’ हा प्रश्न केंद्रस्थानी आला. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि ८ मार्च रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. मात्र आरोपींची सुटका कायम राहिली.

कायद्यातील परिवर्तन

विधी आयोगाने १९८० मध्ये आपला ८४ वा अहवाल सादर केला व १९८३ मध्ये संसदेने फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गंभीर गुन्हा ठरून त्यास किमान दहा वर्षांची शिक्षा ठरविण्यात आली. पुरावा कायद्यात कलम ११४-अ समाविष्ट झाले. त्यानुसार अशा खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नाकारली, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावयाचे होते. पीडितेची ओळख उघड करण्यासही बंदी आली. देसाईगंजच्या मुलीचे नाव मात्र त्यापूर्वीच देशभर झाले होते.

स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोडून काढण्याची तरतूद २००२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून होती. केवळ शारीरिक प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती नव्हे, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

निष्कर्ष

१. असमान स्थितीतील व्यक्तींना एकाच मोजपट्टीने मोजणे म्हणजे समता नव्हे. सत्तेपुढे एकट्या पडलेल्या स्त्रीचे मौन कायद्याने तिच्या परिस्थितीसह वाचले पाहिजे.

२. हा बदल केवळ न्यायालयाने वा संसदेने घडविला नाही. त्याचा आरंभ पोलीस ठाण्याबाहेर येताच घडलेला प्रकार सांगणाऱ्या एका मजूर मुलीच्या धैर्यात आहे.

३. नव्या कायद्याचा लाभ तिला स्वतःला मिळाला नाही. म्हणूनच या सुधारणेचे खरे मोजमाप कायद्याच्या पुस्तकात नव्हे, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या स्त्रीला मिळणाऱ्या वागणुकीत आहे.