पानमांडणीची साधने, त्यांचे वर्णन आणि गृहीत वाचक

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन गावांची नावे शुद्ध छापण्यासाठी जुळाऱ्याला काय काय ठाऊक असावे लागे, याचा लेखी हिशोब मराठीत क्वचितच मांडला गेला. ‘शिरूर’मधील वेलांटी उच्चारात ‘श’नंतर येते, कागदावर मात्र त्याच्या आधी बसते, ‘रू’चा उकार इतर व्यंजनांप्रमाणे खाली न उतरता ‘र’च्या कुशीला जडतो. ‘दौंड’मध्ये दोन मात्रा आणि अनुस्वार यांची शिरोरेषेवर दाटी होते. अखंड टाईपात अशा जोडण्यांसाठी स्वतंत्र खिळे ओतावे लागत. डिग्री टाईपात अक्षराचे अंग आणि वरखालची चिन्हे वेगळ्या खिळ्यांवर असल्याने ती थराथरांनी जुळवावी लागत. (या दुसऱ्या पद्धतीशी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यातील टॉमस ग्रॅहम यांचे नाव जोडले जाते. त्याच मिशनचे एक ठाणे शिरूरला होते, हा केवळ योगायोग.)

जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ साली उभा राहिला. त्यानंतर शतकभर ही विद्या प्रामुख्याने हातातून हातात गेली. तिचे विस्तृत शब्दांकन बापूराव नाईक यांच्या १९७१ सालच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या त्रिखंडी ग्रंथात झाले, आणि तेही इंग्रजीत! जुळाऱ्यासाठी ते लिहिलेलेच नव्हते. त्याला वर्णनाची गरजही नव्हती, कारण चूक झाली तर मुद्रित त्याच्या डोळ्यांसमोर येत असे.

डोळ्यावरील हा विश्वास डीटीपीच्या काळातही टिकला. नव्हे, अधिकच दृढ झाला. ‘पेजमेकर’ १९८५ साली आले, पुण्यात सी-डॅकची स्थापना १९८८ साली झाली, भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली ठरले. तरीही पानमांडणीच्या व्यवहारात बहुधा फॉन्टची युक्तीच चालली: रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी आकार बसवायचे आणि पडद्यावर मराठी ‘दिसली’ की काम झाले असे मानायचे. अशा धारिकेत ‘शिरूर’ हा शब्द वस्तुतः नसतोच. असतो तो त्याच्या आकारांचा एक क्रम. त्या काळच्या माहितीपुस्तिकांचा गृहीत वाचक डोळस होता. कोणती कळ दाबावी एवढे त्याला सांगितले की पुरे. उरलेले तो पाहून घेई.

एआय एजंट, म्हणजे दिलेले काम स्वतः साधने निवडून पार पाडणारी संगणकप्रणाली, हा या पुस्तिकांचा नवा वाचक आहे. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये प्रत्येक साधन त्याचे नाव, गद्य वर्णन आणि त्याला पुरवायच्या माहितीचा आराखडा यांच्या रूपाने सादर होते. पानाची प्रतिमा अशा प्रणालीला दाखवता येते. तथापि कोणते साधन केव्हा आणि कसे वापरावे हा निर्णय मुख्यतः वर्णनाच्या वाचनावर अवलंबून राहतो. वर्णनातील मौन येथे महाग पडते.

‘स्क्रायबस’ या मुक्त पानमांडणी-प्रणालीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. देवनागरीची जोडणी सांभाळण्याची सोय तिच्या २०१७ सालच्या १.५.३ या विकसनाधीन आवृत्तीत आली आणि १.६ या स्थिर आवृत्तीतून २०२४ साली सर्वांपर्यंत पोहोचली. तिच्यातील ‘सिलेक्टटेक्स्ट’ या आज्ञेचे वर्णन असे की, चौकटीतील मजकुराचे अमुक स्थानापासून अमुक इतकी ‘कॅरेक्टर्स’ निवडली जातात. इंग्रजी वाचकाला येथे काहीच खटकणार नाही. परंतु ‘दौंड’मध्ये कॅरेक्टर्स किती? युनिकोडच्या मोजणीने चार: द, औकाराचे चिन्ह, अनुस्वार, ड. मराठी वाचकाच्या लेखी अक्षरे दोनच. युनिकोडच्या हिशेबाने दोन घटक निवडले, तर ‘दौ’ हाती येतो आणि अनुस्वार मागे राहतो. ‘स्त्री’ हे एकच अक्षर त्या हिशेबात सहा घटकांचे होते. चौकटीबाहेर सांडलेला मजकूर मोजणाऱ्या आज्ञेच्या वर्णनातही हाच ‘कॅरेक्टर’ आहे. मोजमापाचे एकक कोणते हे जे वर्णन सांगत नाही, ते मराठीपुरते अपुरे नव्हे, चुकीचेच मानावे लागेल.

शोधसाधनांत ही अडचण आणखी सूक्ष्म होते. ‘घोडनदीच्या खोऱ्यात’ या शब्दसमूहातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र्’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोहोंत भेद नाही. एका रूपाने शोधणाऱ्या साधनाला दुसरे सापडेलच असे नाही. त्यात ते जोडचिन्ह गळाले, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि दरीऐवजी समुद्र अवतरतो!

तालुक्याच्या गावांतून गेल्या तीन-चार दशकांत निघालेली साप्ताहिके, शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल यांच्या धारिका जेथे उरल्या असतील, तेथे त्यांतील पुष्कळशा जुन्या फॉन्टच्या संकेतांत अडकलेल्या असणार. एजंटाने अशी धारिका उघडली, ‘शिरूर’ शोधले आणि उत्तर शून्य आले, तर त्या शून्याचा अर्थ ‘उल्लेख नाही’ असा घ्यायचा की ‘संकेत वेगळा आहे’ असा, हे ठरवण्याचा आधार साधनाच्या वर्णनातच असायला हवा. तसे एक वाक्य तेथे नसेल, तर त्या अहवालातील शिरूर संशोधकापुरते छापलेच गेले नव्हते.