घरगुती ॲम्प्लिफायरची पेटी

प्रवरेच्या खोऱ्यातील देवळाली प्रवरा या राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेच्या गावासारख्या ठिकाणी गणेशोत्सव, जत्रा आणि लग्नकार्य यांच्याबरोबर कर्णा आणि ॲम्प्लिफायर, म्हणजे ध्वनीचा विद्युतसंकेत वाढवणारे यंत्र, ही नित्याची बाब झाली. १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि काचेच्या निर्वात व्हॉल्व्हची जागा हळूहळू या लहान घटकाने घेतली, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी यंत्र जुळवणे हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

सर्किट जुळले तरी प्रश्न उरे तो पेटीचा, आणि खरी कारागिरी तिथेच दिसे. प्लायवुडवर सनमायका चिकटवलेली पेटी देखणी दिसत असली, तरी लाकूड उष्णता अडवते, म्हणून मागे पंखांसारख्या पट्ट्यांचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक उघडा ठेवावा लागे. ‘२एन३०५५’ या ट्रान्झिस्टरचे धातूचे कवच आतून ‘कलेक्टर’ या टोकाला जोडलेले असल्याने त्याच्या आणि हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाची पातळ चकती घालावी लागे. ती विसरली, की शॉर्टसर्किट ठरलेलेच. ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या तारांपासून दूर बसवला नाही, तर स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर ऐकू येई, जी कितीही चकचकीत दर्शनी पट्टीने झाकता येत नसे. पेटीचे सौंदर्य, म्हणूनच, सुतारापेक्षा तारांच्या मांडणीवर अधिक अवलंबून होते.