वाकोदचे भवरलालजी : पेढीकडून बांधाकडे

मारवाडातून दक्षिणेकडे आलेल्या आपल्या पूर्वजांच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. दुष्काळ, कोरडी विहीर, बैलगाडी आणि पुढे अनोळखी मुलूख, असा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. जोधपूरजवळच्या आगोलाई गावातून १८८७ मध्ये निघालेले जैन कुटुंब असेच पाण्याच्या शोधात खान्देशात आले आणि अजिंठ्याच्या डोंगराखालील वाकोद या लहानशा गावी स्थिरावले. याच घरात हिरालालजी व गौराबाई यांच्या पोटी १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलालजींचा जन्म झाला.

हे कुटुंब आले तो काळ व्यापारी समाजासाठी सोपा नव्हता. अवघ्या बारा वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांच्या असंतोषाचा भडका उडून सावकारांची कर्जखते जाळण्यात आली होती आणि १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला होता. त्या सावकारांत मारवाडी व गुजर मंडळी बरीच होती, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पेढी आणि शेत यांच्यामधील हा अविश्वास पुढे कित्येक दशके गावगाड्यात राहिला. भवरलालजींच्या चरित्राचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक कळते, कारण त्यांची सारी संपत्ती शेतकऱ्याशी केलेल्या व्यवहारातून उभी राहिली.

मुंबईत वाणिज्य व कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी राज्य लोकसेवेची परीक्षा दिली आणि उपजिल्हाधिकारी पदासाठी त्यांची निवड झाली. खेड्यातल्या घरात सरकारी अधिकारी होणे म्हणजे त्या दिवसांत दिवाळीच! परंतु गौराबाईंचे मत वेगळे पडले. ज्या उद्योगाने माणसांबरोबर पशुपक्ष्यांचेही पोट भरेल तो मुलाने करावा, असे त्या माउलीला वाटत होते. फारसे न शिकलेल्या स्त्रीच्या मनात जीवदया किती सहजपणे मुरलेली असते, याचे हे उदाहरण होय. मुलाने आईचे ऐकले.

तीन पिढ्यांची शिल्लक होती सात हजार रुपये. तेवढ्या भांडवलावर १९६३ मध्ये भवरलालजींनी रॉकेलच्या विक्रीस प्रारंभ केला. पुढे तेलाबरोबर खते, बियाणे, कीटकनाशके, ट्रॅक्टर व पाइप अशी शेतीला लागणारी एकेक वस्तू दुकानात येत गेली. जुन्या पेढीवर शेतकरी पैसा मागायला येई. या दुकानात तो पिकाबद्दल विचारायला येऊ लागला.

खरी जोखीम त्यांनी १९७८ मध्ये पत्करली. केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना त्यांनी तीस लाख रुपयांना घेतला. तेव्हा गाठीशी जेमतेम दोन लाख होते. केळीच्या भुकटीत अर्थ नाही हे ओळखून त्यांनी तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास सुरुवात केली. औषधे व अन्नप्रक्रिया यांसाठी लागणारे हे द्रव्य परदेशी जाऊ लागले. कारखान्याला चीक हवा, चिकासाठी पपई हवी आणि पपई लावायला शेतकरी राजी हवा. म्हणून माल विकत घेण्याची हमी आधी द्यावी लागली. बाजाराची चिंता आपण वाहायची आणि शेतकऱ्याने पीक सांभाळायचे, ही रीत तेथे रुजली. पुढे पांढऱ्या कांद्याच्या करारशेतीतही ती चालू राहिली.

१९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचे उत्पादन, १९८६ मध्ये जैन इरिगेशन या कंपनीची स्थापना आणि त्यानंतर ठिबक सिंचन, असा हा प्रवास झाला. ठिबकचे तंत्र इस्रायलमध्ये विकसित झालेले. ते खान्देशातील केळीच्या बागेत रुळवणे मात्र वेगळे काम होते. पाटाने शेत भिजल्याशिवाय समाधान न होणाऱ्या शेतकऱ्याला थेंबावर पीक येते हे पटवायचे, तर त्याच्या बांधावर जाऊन उभे राहावे लागते. पाणी तुपासारखे वापरावे, ही शिकवण आपल्याकडे लहानपणीच मिळते. पाणी गाळून पिण्यावरून आपली थट्टाही झालेली आहे. गंमत अशी की ठिबकच्या संचात गाळणी बिघडली की सारी यंत्रणा तुंबते!

ठिबकच्या जोडीला ऊतिसंवर्धित ग्रँड नैन जातीची रोपे आली आणि सुमारे अठरा महिन्यांचे केळीचे पीक अकरा-बारा महिन्यांत हाती येऊ लागले. जळगाव जिल्ह्याच्या अर्थकारणावर याचा जेवढा परिणाम झाला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल.

या यशाच्या मध्यावर एक मोठी चूकही झाली. १९९० च्या दशकात भांडवल बाजारातून पैसा सहज मिळू लागला. कंपनीने वित्तव्यवसाय, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा शेतीशी संबंध नसलेल्या क्षेत्रांत पाऊल टाकले आणि ती तोट्यात बुडाली. आपला निर्णय चुकला हे भवरलालजींनी भागधारकांपुढे उघडपणे कबूल केले, नवे धंदे बंद केले आणि ते पुन्हा शेतीकडे वळले. पर्युषणात आपण क्षमा मागतो ती बहुधा आप्तेष्टांची. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यासमोर उभे राहणे याहून पुष्कळ कठीण असते. २००२ मध्ये परदेशी भांडवलाचा आधार मिळाल्यावर कंपनी सावरली.

जमीनधारक म्हणून त्यांचे काम पाहायचे तर जळगावजवळची जैन हिल्स पाहावी. कोणी फुकटही घेतली नसती अशी ती खडकाळ टेकडी. उतारावर चर खोदून, पाणी अडवून, माती धरून आणि झाडे लावून त्यांनी ती हिरवी केली. याच परिसरात २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते गांधीतीर्थाचे उद्घाटन झाले. १९९७ मध्ये अमेरिकेतील सिंचन संघटनेचा क्रॉफर्ड रीड पुरस्कार आणि २००८ मध्ये पद्मश्री, असे मोठे सन्मान त्यांना लाभले. पत्नी कांताबाईंच्या निधनानंतर त्यांनी 'ती आणि मी' हे पुस्तक लिहिले. कर्तृत्ववान पुरुष आपल्या संसाराविषयी इतके लिहीत नाहीत.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर कंपनीवरील कर्जाचा बोजा असह्य झाला, २०२२ मध्ये कर्जाची फेररचना करावी लागली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन झाला. भारतातील ठिबक, पाइप आणि रोपांचा व्यवसाय मात्र कंपनीकडेच राहिला. रावेर-यावलच्या बागांत केळीच्या ओळींमधून काळ्या नळ्या आजही पसरलेल्या दिसतात.