प्लेग, गोधड्या आणि खिडकीतला पडदा

लोणावळा लोकलमध्ये बसलात की चिंचवड जातं, मग आकुर्डी, मग देहूरोड. आजची गोष्ट याच पट्ट्यातली आहे. विषय तसा साधा वाटेल: घरातले पडदे. पण त्यासाठी आपल्याला आधी 1897 सालात जावं लागणार आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. काही महिन्यांत साथ पुण्यात आली. फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारनं साथरोग कायदा केला आणि पुण्याची जबाबदारी वॉल्टर चार्ल्स रँडकडे दिली. मार्चपासून गोरे सोजीर घराघरात घुसू लागले. स्वयंपाकघर, देवघर, बायकांची खोली, काहीच सोडलं नाही. रुग्ण उचलून इस्पितळात, घरचे लोक सेग्रिगेशन कॅम्पात, आणि घरातलं अंथरूण-पांघरूण, कपडे, चिंध्या बाहेर काढून जाळायच्या. भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशक.

आता बघा, कापडावरच एवढा राग का? कारण प्लेग नेमका पसरतो कसा, हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. घाण, दमट हवा, कोंदट घर, मळका कपडा, सगळ्यांवरच संशय. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, 10 मार्च 1897 ला. आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या त्या चापेकर बंधूंनी. चापेकर चिंचवडचे, म्हणजे देहूरोडपासून दोन स्टेशनं अलीकडचे. तो इतिहास आपण शाळेत शिकलोय. पण त्यातली कापडाची बाजू शाळेत कुणी सांगत नाही.

साहेबाचा संशय अर्धा खरा होता. पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. तरी काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगनं मेला. दोघांमध्ये उडी मारून जाऊ शकत होती ती फक्त पिसू! सुरुवातीला त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही, पण पुढे मुंबईतल्या संशोधनानं तेच सिद्ध केलं. पिसू कपड्यांतून, अंथरुणातून प्रवास करू शकते. म्हणजे कापडात काहीतरी आहे हा अंदाज बरोबर होता. चूक होती ती वागण्यात. लोकांना काही समजावून न सांगता, त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणून साफसफाई केली, तर लोक आजारी माणूस लपवतात. पुण्यात तेच झालं.

आणि गंमत म्हणजे, कापड धुवायला आपल्या बायकांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. घट बसायच्या आधी घरातली प्रत्येक गोधडी, वाकळ, चादर, पांघरूण नदीवर न्यायचं आणि बडवून धुवायचं, ही पद्धत महाराष्ट्रात गावोगावी आहे. देहूरोडच्या एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला पवना. (आता इंद्रायणीवर फेस दिसतो, पण तो गोधड्यांचा नाही, सांडपाण्याचा आहे. असो.)

या धुण्याची वेळ बघा: पावसाळा संपता संपता. ती वेळ किती नेमकी आहे हे कळायला 1964 साल उजाडलं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी दाखवून दिलं की घरातल्या धुळीनं दमा आणि शिंका येतात, त्यामागे मुख्यतः एक बारीक किडा असतो. डस्ट माइट. मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा. तो चावत नाही, आपल्या अंगावरून झडणारे त्वचेचे कण खातो. त्याला दमटपणा लागतो, म्हणून पावसाळ्यात त्याची चंगळ. 1981 मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली: त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा होतो. म्हणजे हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत किडे मेले तरी त्रासाचं कारण कापडातच बसून राहतं. पण ही प्रथिनं पाण्यात विरघळतात. साध्या गार पाण्यात धुतलं तरी बरीचशी निघून जातात. किडेही मारायचे असतील तर साधारण 60 अंशांचं गरम पाणी हवं. वर कडक ऊन मिळालं तर उत्तमच.

मग पडद्याचं काय? मुद्दा इथेच आहे. जुन्या वाड्यांच्या खिडक्या लहान, त्यांना गज आणि लाकडी झडपा. खिडकीभर कापड लावायची सवय आपल्याकडे बंगल्यांतून आली, मग क्वार्टर्समध्ये आणि फ्लॅटमध्ये पसरली. त्यामुळे आजीच्या त्या धुण्याच्या यादीत पडदा कधी नव्हताच. गोधडी अंगावर येते म्हणून मळ दिसतो. पडदा नुसता लटकत असतो. चादर दर आठवड्याला बदलणारं घरही पडदा दिवाळीलाच काढतं, तेही पाहुणे येणार असतील तर.

खरं सांगायचं तर पडद्यात गादीइतके माइट नसतात. गादीच पहिली गुन्हेगार. पण पडदा उभा असतो खिडकीत, आणि देहूरोडची खिडकी म्हणजे जुना मुंबई-पुणे हायवे, कात्रज बायपासचा फाटा, चाकण-तळेगावकडे जाणारे ट्रेलर. टायरची, रस्त्याची धूळ आणि डिझेलचा धूर आधी त्या कापडावर बसतो. तुम्ही सकाळी पडदा सर्रकन ओढता, तेव्हा तोच खोलीत उडतो. पावसाळ्यात खालच्या काठाला काळे ठिपके दिसले तर ती बुरशी, डाग नव्हे. घरात कुणाला दमा असेल तर हे सगळं थेट त्याच्या छातीत जातं.

करायचं काय? माझ्या मते हायवेजवळच्या घरात तीन-चार महिन्यांतून एकदा पडदे धुवा, आणि एक धुणं घट बसायच्या आधी नक्की. जाड, दुहेरी, झालरीवाल्या पडद्यांपेक्षा साधे सुती घ्या, मशीनमध्ये मावतील असे. गरम पाण्यात घालायच्या आधी लेबल बघा, सगळी कापडं ते सहन करत नाहीत. काढताना झटकू नका, अलगद गुंडाळून खाली घ्या. दम्याच्या माणसाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा, आणि काढणाऱ्यानं तोंडाला रुमाल बांधावा. वाळत घालायचे ते गॅलरीत किंवा गच्चीवर, हायवेच्या उलट्या बाजूला.