कडेवरचा यात्रेकरू

मूल लहान असताना यात्रेला निघायचं म्हटलं की आपल्या घरांत एक वाक्य ठरलेलं असतं. "पोर जरा मोठं होऊ दे की, मग जा." म्हणणारी बहुतेक वेळा घरातलीच मोठी बाई असते आणि तिच्या मनात वाईट काही नसतं. बाळाला ऊन लागेल, परगावचं पाणी बाधेल, गर्दीत दृष्ट लागेल. सून गप्प बसते. ते मूल मोठं होईतो दुसरं झालेलं असतं. मग शाळा, परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण. आणि ज्या दिवशी सगळे तिला "आता जा" म्हणतात, त्या दिवशी तिचे गुडघे नको म्हणतात.

हे वाक्य परंपरेतूनच आलंय, असं आपण सगळ्या धरून चालतो. जुनी पुस्तकं उघडली की मात्र वेगळंच काही दिसतं.

आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराण लिहिलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना गुरू मानायचा. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. तेव्हा हा ग्रंथ काही दूरदेशचा नव्हे, आपल्याच मुलखातला. त्यात गृहस्थाच्या ५३ क्रिया सांगितल्या आहेत. बाळाच्या वाट्याला त्यातल्या बऱ्याच येतात. नाव ठेवणं, अन्नप्राशन, वर्ष पुरं झाल्याचा सोहळा, केशवाप म्हणजे आपलं जावळ, पाचव्या वर्षी अक्षरओळख, आठव्या वर्षी उपनीती. आणि या यादीत, नाव ठेवल्यावर लगेच, एक क्रिया येते तिचं नाव 'बहिर्यान'. दोन-तीन किंवा तीन-चार महिन्यांनी चांगला दिवस पाहून, वाद्यं वाजवत, आईच्या किंवा दाईच्या मांडीवरून बाळाला बाळंतिणीच्या खोलीबाहेर आणायचं. त्या वेळी नातेवाईक जे पैसे हातावर ठेवतील, ते बाळाचे म्हणून जपून ठेवायचे आणि पुढं तो घरचा कारभार घेईल तेव्हा त्याला द्यायचे.

मला यातली दोन गोष्टींची गंमत वाटते. बाळानं उंबऱ्याबाहेर पडणं हा आचार्यांना संस्कार वाटला, संकट वाटलं नाही. आणि बाळाचा पैसा बाळाचाच, हे त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. आपण मात्र बारशाला आलेली पाकिटं किराण्यात घालतो!

आता सोळाव्या शतकातल्या एका बाळाच्या प्रवासाकडे येऊ. बनारसीदास हे जौनपूरला जन्मलेले, पुढं आग्र्यात राहिलेले जैन कवी. १६४१ साली त्यांनी 'अर्धकथानक' लिहिलं, ६७५ पद्यांत स्वतःच्या आयुष्याची हकिगत. हिंदीतलं हे पहिलं आत्मचरित्र मानतात. त्यांचे वडील खरगसेन जवाहिरांचे व्यापारी. त्यांचा पहिला मुलगा काही दिवसांतच गेला. मग पुत्र व्हावा म्हणून नवरा-बायको रोहतकच्या सतीच्या दर्शनाला निघाले, तर वाटेत चोरांनी लुटलं. अंगावरचे कपडे तेवढे राहिले. एवढं होऊनही काही वर्षांनी, १५८६ च्या सुमारास मुलगा झाला तेव्हा हे कुटुंब घरात दडून बसलं नाही. बाळ सहा-सात महिन्यांचं होताच त्याला घेऊन ते काशीला, पार्श्वनाथांच्या जन्मभूमीला गेले. जौनपूरहून काशी साठेक किलोमीटर. आज दीड-दोन तासांची वाट, तेव्हा रात्रीचा मुक्काम आणि चोरांची धास्ती. तिथं बाळाला भगवंताच्या पायाशी ठेवून त्यांनी एकच मागणं मागितलं, हा जगू दे. पुजाऱ्यानं डोळे मिटून ध्यान लावल्यासारखं केलं आणि सांगितलं, की याला या नगरीचं नाव द्या, म्हणजे आयुष्याची काळजी नाही. बाळाचं विक्रमाजीत हे नाव मागं पडलं आणि बनारसीदास हे नाव लागलं. मोठेपणी ही हकिगत लिहिताना बनारसीदास पुजाऱ्याचं ढोंग झाकत नाहीत. पण आईवडिलांची थट्टाही करत नाहीत.

करणार तरी कसे? त्यांना स्वतःला नऊ मुलं झाली आणि नऊच्या नऊ गेली. हे त्यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवलंय.

इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. आपण म्हणतो, लहान मूल आहे म्हणून यात्रा नको. त्या लोकांचं उलट होतं. मूल लहान होतं म्हणूनच यात्रा होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांतली दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जात होती. लस नव्हती, सलाईन नव्हतं. नवस होता आणि पायाखाली रस्ता होता. आमच्याकडे बेळगाव-निपाणी भागात जावळ काढायला बाळाला स्तवनिधीला नेतात, तिथल्या पार्श्वनाथांच्या आणि क्षेत्रपालाच्या पायावर घालतात, ते याच भीतीतून आलेलं असणार. भीती गेली, रीत राहिली. वाईट झालं असं मी म्हणणार नाही.

प्रवास सोपा होता असंही नाही. १६०४ च्या सुमारास शहजादा सलीमचा जवाहिऱ्या हीरानंद मुकीम यानं प्रयागहून सम्मेदशिखरजीचा मोठा संघ काढला होता. खरगसेन त्यात होते. परतीच्या वाटेवर यात्रेकरू आजारी पडले, कितीतरी दगावले, खरगसेन दुखणं घेऊनच घरी आले. म्हणून तर संघ नेणं ही पुण्याची मोठी गोष्ट मानली जायची. गाड्या, राखणदार, धान्य, औषध असा सगळा खर्च ज्यानं उचलला तो संघपती. संघवी, संघई, सिंघई ही आडनावं त्याच मानाची खूण आहेत.

मानाची आडनावं पुरुषांना मिळाली. पण संघ चालायचा तो कुणाच्या हातांवर? आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. भोजचे आचार्य शांतिसागर महाराज १९२७ साली कुंभोजच्या बाहुबलीहून पायी शिखरजीला निघाले आणि १९२८ मध्ये पोहोचले. सोबत श्रावक-श्राविकांचा मोठा संघ होता. मुनींचा आहार दिवसातून एकदा, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. त्यासाठी रोज नव्या गावात चौका लागायचा. पाणी गाळायचं, गाळणं उलटं करून त्यातले जीव परत त्याच विहिरीत सोडायचे, दळायचं, निवडायचं, सोवळ्यानं रांधायचं. ज्यांनी चौका लावलाय त्या बायकांना विचारा, यात किती वेळ जातो. आणि त्यातल्या कितीजणींच्या पदराला एखादं दीड-दोन वर्षांचं पोर लोंबत असेल, हे कोणत्या चरित्रकारानं मोजलं?

श्रवणबेळगोळला तर शेकडो शिलालेख आहेत. त्यात दूर उत्तरेकडून आलेल्या यात्रेकरूंनी कोरलेली नावंही आहेत. बाहुबलीच्या पायाशी देवनागरीत मराठी अक्षरं आहेत, मूर्ती चामुंडरायानं करविली हे सांगणारी. कितीतरी वर्षं आपण शाळेत तोच मराठीतला पहिला लेख म्हणून शिकलो. पुढं कोकणातल्या अक्षीच्या लेखानं तो मान मागितला, तो वाद विद्वानांकडे. पण एखादी बाई मूल खांद्यावर घेऊन ही टेकडी चढली, एवढंच कोरायला पाथरवटाला पैसे कोण देणार?

खरं तर बेळगोळची मूर्तीच एका घरगुती यात्रेतून उभी राहिली, असं परंपरा सांगते. गंग राजाचा मंत्री चामुंडराय आपल्या आईला, काळलादेवीला, पौदनपूरच्या बाहुबलीच्या दर्शनाला घेऊन निघाला होता. तिनं दर्शन होईतो दूध सोडलं होतं. वाटेत चंद्रगिरीवर मुक्काम पडला, स्वप्नात दृष्टांत झाला, पुढं जाणं होणार नाही, समोरच्या टेकडीवर बाण मार, देव तिथंच दिसेल. ५७ फुटांची मूर्ती ९८१ साली उभी राहिली ती अशी. ही कथा आहे, ताम्रपट नव्हे. पण त्यातलं एक मला खरं वाटतं. मुलगा कर्ता झाला, मंत्री झाला, तेव्हा कुठं आईला निघायला मिळालं.

फेब्रुवारी १९८१ मध्ये त्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून मोठा महामस्तकाभिषेक झाला. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली ती त्याच वेळी. आम्ही सगळे गेलो होतो. मी दहा वर्षांची, धाकटा भाऊ दीड वर्षाचा. विंध्यगिरीला खडकातच कोरलेल्या सहाशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि अनवाणी चढायचं. आज्जी म्हणाली, "लेकराला घेऊन त्या गर्दीत नको गं, तू खालीच थांब." आई थांबली. आज्जी डोलीतून गेली, वडील, काका, आम्ही मुलं चालत गेलो. वरून आल्यावर मी आईला विचारलं, "तू काय बघितलंस?" ती म्हणाली, "इथनं तोंड दिसतंय की." खरंच, बाहुबलीचा चेहरा खालूनही दिसतो. त्यानंतर १९९३ आलं तेव्हा आज्जी अंथरुणाला खिळलेली. २००६ ला आईचे गुडघे गेलेले, आणि डोलीत बसायला ती राजी नव्हती, "माणसाच्या खांद्यावर बसून देवाकडं कशाला जायचं" म्हणून. आईनं जन्मभर बाहुबलीचं तोंडच पाहिलं, पाय कधी पाहिले नाहीत.

म्हणून मागच्या वर्षी सुनेनं सव्वा वर्षाच्या नातीला घेऊन बेळगोळला जायचं काढलं, तेव्हा ते ठरलेलं वाक्य मी तोंडातून येऊ दिलं नाही. मी डबे काढले. दुधात भिजवलेल्या दशम्या, नाचणीचं सत्त्व, खारीक-बदामाची पूड, मूगडाळ-तांदूळ भाजून केलेली भरड, की गरम पाणी मिळालं तर गुरगुट्या भातासारखं करून देता येतं. उकळून गाळलेलं पाणी घरूनच. वाटेत दर दोन तासांनी गाडी थांबवायची, पोरीला मोकळ्या जागेत पळू द्यायचं. संध्याकाळी दिवस असतानाच मुक्कामाला पोहोचायचं, म्हणजे मोठ्यांचं अनथऊ पाळलं जातं आणि मूलही वेळेवर झोपतं. रात्री ती दुधासाठी उठली तर तिला दूध द्यायचं. आठव्या वर्षाआधी मुलावर व्रताचं ओझं आपल्या आचार्यांनीच ठेवलेलं नाही, मग आपण कोण?

चढायचं ते पहाटे. अकरानंतर तो खडक तापतो आणि तळपाय भाजतात. माझ्या मुलानं नातीला कापडी झोळीत पाठीशी बांधलं. सून मोकळ्या हातांनी चढली. मध्ये दोनदा पोरगी रडली, एकदा भुकेनं, एकदा वानर बघून. वर पोहोचल्यावर तिनं मूर्तीकडे पाहिलंच नाही, पायाजवळ सांडलेली फुलं वेचत बसली. सून मात्र बराच वेळ हात जोडून उभी होती.

"तिला काय कळणार त्या वयात?" असं लोक विचारतात. तिला काही कळत नसेल. पण यात्रा तिच्या आईचीही असते ना!

बारा वर्षांच्या हिशेबानं पुढचा महामस्तकाभिषेक २०३० च्या आसपास येईल. तेव्हा आपल्या घराघरांत कुणाच्या ना कुणाच्या कडेवर मूल असेलच. कुणी म्हणालं, "पोर मोठं होऊ दे," तर भांडू नका. जिनसेनाचार्यांचं बहिर्यान सांगा, काशीला गेलेल्या सहा महिन्यांच्या बाळाची गोष्ट सांगा, आणि झोळी मुलाच्या बापाच्या हातात द्या.