पासपोर्ट: मर्जी की हक्क?

जळगाव-धुळ्याकडची पोरं ऑनसाइटला निघाली की महिनाभर एकच पारायण... दाखल्यावर नाव एक, मार्कशीटवर दुसरं, वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही? वैताग येतो, मान्य. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा पासपोर्टची सक्तीच नव्हती! ती आली पहिल्या महायुद्धात, आणि मग गेलीच नाही.

पण मंडळी, खरी गंमत पुढे आहे. पासपोर्ट कुणाला द्यायचा, कुणाला नाही, याचा कायदाच १९६७ पर्यंत नव्हता. सरकारची मर्जी, बस्स! सतवंतसिंग साहनी नावाच्या आयात-निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला पासपोर्ट परत करायला सांगितलं, तर गडी थेट सुप्रीम कोर्टात गेला. एप्रिल १९६७ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा काठावरच्या मतांनी निकाल लागला: परदेशी जाणं हा कलम २१ मधल्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? असो. जूनमध्ये पासपोर्ट कायदा झालासुद्धा (सरकार एवढं झटपट हलतं, बरं का).

त्या कायद्याने अर्ज नाकारताना कारण लेखी नोंदवावं लागतं. देशाच्या सुरक्षिततेसारखे अपवाद सोडले, तर मागितल्यावर त्याची प्रतही द्यावी लागते. तेव्हा नकार मिळालाच, तर परतीची गाडी पकडण्याआधी ती प्रत मागा. अपीलाला तीच लागते.