छायाचित्र ही बातमीची सजावट नव्हे

घटनेचे छायाचित्र हाती नसेल, तर छायाचित्रे विकणाऱ्या भांडारातून एखादे घ्यावे, खाली ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असे छापावे, की जबाबदारी संपली, असा समज वृत्तमाध्यमांत रुळला आहे. त्याच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. प्रत्येक बातमीमागे छायाचित्रकार पाठवणे परवडत नाही. चित्र केवळ नजर खेचण्यासाठी असते, माहिती मजकुरात असतेच. आणि पीडितांची ओळख झाकायची तर दुसरा मार्ग नाही. यातली पैशाची अडचण खरी आहे; पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

आधी सजावटीचा दावा पाहू. एरिन न्यूमन आणि त्यांच्या न्यूझीलंड-कॅनडातील सहकाऱ्यांनी २०१२ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. प्रसिद्ध व्यक्तींची नावे दाखवून ‘ही व्यक्ती हयात आहे’ हे विधान खरे की खोटे, असे लोकांना विचारले. काही नावांसोबत छायाचित्र होते, पण त्यावरून उत्तर कळण्यासारखे नव्हते. तरीही छायाचित्र असले की विधान खरे मानण्याकडे कल वाढला. ‘हयात नाही’ या उलट विधानालाही तोच लाभ झाला. संपादक ज्याला सजावट समजतो, ते वाचकाच्या मनात पुराव्याचे काम करते.

हा पुरावा मजकुराच्या विरोधातही जातो. २०१९च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटा आल्या. त्यांत फ्रान्समध्ये १,४३५ अतिरिक्त मृत्यू झाल्याचे त्या देशाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. एक्सेटर विद्यापीठाच्या सॅफ्रॉन ओनील आणि सहकाऱ्यांनी त्या काळातले चार देशांतील वार्तांकन तपासले, तेव्हा धोक्याचा इशारा देणाऱ्या मजकुराशेजारी समुद्रकिनारे आणि कारंज्यांत खेळणाऱ्या माणसांची छायाचित्रे वारंवार आढळली. मजकूर सावध करत होता आणि चित्र मौजेचे आमंत्रण देत होते.

आपल्याकडे शेतीच्या बातम्यांत हाच दोष अधिक खोल आहे. केंद्राने २०२५ साली कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते माफ केले. अशा निर्णयामुळे भाव पडण्याच्या भीतीची बातमी द्यायची आणि शेजारी भेगाळलेल्या जमिनीवर बसून आभाळाकडे पाहणारा शेतकरी लावायचा, तर दिल्लीतल्या निर्णयाचा दोष नकळत पावसावर जातो. इथे ‘प्रातिनिधिक’ ही ओळ काहीच दुरुस्त करत नाही. छायाचित्र या घटनेचे नाही, एवढेच ती सांगते. त्यातून सूचित होणारे कारणही या घटनेचे नाही, हे ती सांगत नाही. आणि वाचकाच्या मनात राहते ते कारणच.

शिवाय ही ओळ टिकाऊही नसते. २०२३ साली अडोबी कंपनीच्या चित्रभांडारात इस्रायल-गाझा युद्धाची कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे विक्रीस होती. तिथे तशी नोंद होती. काही संकेतस्थळांनी ती चित्रे वापरताना मात्र नोंद गाळली.

ओळख झाकण्याचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२नुसार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण कायदा ओळख लपवायला सांगतो. तिच्या जागी दुसरे चित्र उभे करायला सांगत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड झाकून बसलेली मुलगी प्रत्येक बातमीत छापली, की तक्रार नोंदवणारी, न्यायालयात उभी राहून जबाब देणारी स्त्री वाचकाला दिसेनाशी होते. लाज तिची, असेच ते चित्र शिकवते. त्याऐवजी न्यायालयाची इमारत, घटनाक्रमाचा तक्ता किंवा नुसता मजकूर पुरेसा आहे.

मग करायचे काय? घटनेचे छायाचित्र नसेल तर नकाशा, आलेख वा दस्तऐवज द्यावा. तेही नसेल तर जागा मजकुराला द्यावी. जुने छायाचित्र घेतलेच तर स्थळ आणि तारीख छापावी. शेतीच्या बातमीला बाजार समितीचे किंवा खरेदी केंद्राचे छायाचित्र शोधावे. जिल्ह्याच्या वार्ताहराला ते मिळवणे अवघड नाही. चुकीच्या आकड्याची दुरुस्ती छापतो तशी भलत्या छायाचित्राचीही छापावी. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. छायाचित्र हेही एक विधान आहे हे मान्य करून, मजकुरातल्या वाक्याइतकीच त्याची पडताळणी करायला हवी.